बुवांच्या गिटारींचा लिलाव

तीर्थरूप बाबा,

नमस्कार मागाहून करते, आधी बातमी ऐका. तुमच्या बुवांच्या गिटारी लिलावात निघाल्यात. येत्या शनिवारी, शिकागोत. बुवा मार्चमध्ये गेले, तुमच्यानंतर वर्षभराने. लिलाव त्यांचा पुतण्या करतोय, तोच तो डेल. आता कळलं ना, मी आज का लिहायला बसले?

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "जाऊ दे गं वैशू, कशाला धुणी धुवायची?" तुमच्या त्या 'जाऊ दे'पायी मी सहा वर्षं दातओठ खात गप्प बसले. आता अडवायला तुम्ही नाही.

रॉक अँड रोल सुरू करणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक, असं पेपरांनी त्यांच्याबद्दल छापलं. अख्खा देश ज्याला नावाने ओळखायचा त्याला तुम्ही आपले 'बुवा' म्हणायचात, गावच्या भजनातल्या गवयाला म्हणतात तसं. आणि ते ओ द्यायचे! शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या तुमच्या त्या एका खोलीच्या दुकानात स्टुलावर बसून आईच्या हातची थालीपीठं खायचे.

इचलकरंजीत तुम्ही यंत्रमागांच्या मोटारी भरत होतात, जळलेली तार काढून नवी गुंडाळत होतात. इथे येऊन गिटारींच्या कॉइल भरायला लागलात. तारांखाली चुंबकाभोवती ती केसाहून बारीक तार गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षांच्या घामाने ती तुटली की गिटार मुकी होते. "मोटारच आहे, फक्त फिरत नाही," तुम्ही मला समजावलं होतं. बुवांच्या तरुणपणच्या तीन गिटारी मुक्या झाल्या होत्या. कुणी हात लावायला धजत नव्हतं. तुम्ही चष्म्यावर भिंग चढवून एकेक वेढा मोजत तिन्ही बोलत्या केल्यात. पहिली वाजली तेव्हा बुवा डोळे मिटून बसले होते. मी तिथेच होते, मला ते विसरता येत नाही आणि म्हणूनच पुढचं माफ करता येत नाही.

त्या दिवसांत खंडेनवमी आली होती. तुम्ही पक्कड, सोल्डरिंग आयर्न, गुंडाळायचं यंत्र, सगळं मांडून पूजा केलीत. गिटारीही मांडल्यात. वरच्या जुन्या पॉलिशला डाग नको म्हणून आत, कॉइल बसते त्या खोबणीत कुंकवाचं बोट लावलंत आणि चार अक्षता टाकल्यात. बुवांनी विचारलं, "व्हॉट्स दॅट फॉर?" तुम्ही म्हणालात, "फॉर थँक्यू." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

आणि मग तुमची ती खोड. मोटार भरून दिली की काढलेली जुनी तार गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायची, म्हणजे तांबं ढापलं असं कुणी म्हणायला नको. गावाकडे मालक ती तार उलटसुलट बघून, वजन करून घेतो. इथे तुम्ही तीन पिशव्यांत भरून दिलीत, तर बुवा हसले आणि पिशव्या गिटारच्या पेटीत टाकून निघून गेले. बाबा, एक सही घ्यायला काय झालं होतं? मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही उलट मलाच म्हणालात, "ज्याच्या हातात वस्तू दिली त्याच्याकडून सही कसली घ्यायची?"

घ्यायची असते बाबा. इथे तर घ्यायचीच असते.

पुढचं तुम्ही कधी बोलू दिलं नाहीत, आज मी बोलणार. डेलने कुणाला तरी गिटारी दाखवल्या, त्याने सांगितलं की कॉइल मूळच्या नाहीत. भर दुकानात, पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर डेल ओरडला, "यू स्टोल द ओरिजिनल्स, ओल्ड मॅन." तुम्ही घाबरून इंग्रजी विसरलात. नुसतं बुवांकडे बोट केलंत आणि म्हणालात, "आय गेव्ह. टु सर, आय गेव्ह." बुवा दारात उभे होते. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. एकच.

तुम्ही मूळच्या कॉइल चोरून दुसऱ्या बसवल्यात, अशी ईमेल डेलने आसपासच्या सगळ्या दुकानांना पाठवली; एकाने ती मलाही धाडली. गिऱ्हाईक तुटलं, महिन्याभरात शटर ओढलं, आणि ज्या हातांनी केसाएवढी तार गुंडाळली ते हात गोदामात खोक्यांवर टेप लावायला लागले. वर तुम्ही बुवांचीच बाजू घेतलीत. "म्हातारा पुतण्याच्या ताटाखालचं मांजर झालाय, तो काय बोलणार?" ती ईमेल पुसून टाक म्हणालात. मी हो म्हटलं आणि छापून कपाटात ठेवली. खोटं बोलले. पाया पडते, पण पस्तावले नाही.

काल लिलावातल्या वस्तू बघायला खुल्या होत्या. मी ऑफिसला सुट्टी टाकून गेले. काचेआड तुमच्या तिन्ही गिटारी. पांढरे हातमोजे घातलेली एक भली बाई प्रत्येकीची माहिती सांगत होती. कॅटलॉगमध्ये काय छापलंय माहितीये? सगळं मूळचं, कुणाचाही हात न लागलेलं. ज्याने मूळच्या चोरल्या म्हणून तुम्हाला देशोधडीला लावलं, तोच आता मूळच्या म्हणून विकतोय! तिने लाल गिटारची कॉइल उचलून खालचा डाग दाखवला. म्हणाली, "वाजवता वाजवता बोटं फुटली, त्यांचं रक्त आहे हे." रक्ताला तांदूळ कधीपासून चिकटायला लागले, असं जिभेवर आलं होतं. जीभ चावली.

मग कोपऱ्यातल्या टेबलावर बुवांच्या घरातलं किरकोळ सामान दिसलं. चष्मे, पट्टे, टोप्या, आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या. आत तांब्याची काळवंडलेली तार. वर चिकटपट्टीवर तुमचं अक्षर. कार्डावर लिहिलंय, 'अपरिचित लिपी, बहुधा परदेश दौऱ्यातलं टिपण.' मी तिन्ही चिकटपट्ट्या वाचून काढल्या.

म्हणजे बुवांनी ते टाकून दिलं नव्हतं, बाबा. तुम्ही चोर नाही याचा पुरावा त्यांच्या घरात होता, मरेपर्यंत होता. तुम्ही खोकी उचलत होतात तेव्हाही होता. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, बघा, मनात काहीतरी होतं म्हणूनच जपून ठेवलं. मी नाही म्हणणार. जपून ठेवलं आणि तोंड उघडलं नाही, हे मला टाकून देण्याहून वाईट वाटतं. तुमची त्यांची आता तिकडे गाठ पडली असेल तर थालीपीठ देऊ नका.

बाईने विचारलं, "डू यू नो व्हॉट धिस सेज?" मी म्हटलं, "नो." सांगितलं असतं तर बिचारीने गुपचूप कार्ड बदललं असतं, डेलला बाजूला घेऊन विचारलं असतं, आणि प्रकरण मिटलं असतं. तुम्हाला त्याने बाजूला घेऊन विचारलं होतं का? डेल तिथेच हिंडत होता. मला ओळखलं नाही. हसून म्हणाला, "कलेक्टर?" मी म्हटलं, "समथिंग लाइक दॅट." त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. दाबून घेतला.

आता सुपारी अडकित्त्यात आहे. कॉइल मूळच्या म्हणाला तर त्याची ईमेल खोटी, बदललेल्या म्हणाला तर कॅटलॉग खोटं, आणि चोरल्या म्हणाला तर टेबलावर पिशव्या.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, तीही तुमचीच री ओढणार. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. इथल्या तांदळात खडा नसतो हे माहीत असूनही. मग म्हणाली, "त्यांना झोपेतसुद्धा इंग्रजी यायला लागलं होतं. आय गेव्ह, आय गेव्ह म्हणायचे." मला हे तुम्ही दोघांनीही कधी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "शनिवारी किती वाजता निघायचं?"

तेव्हा बाबा, हे माझं वचन. हॉल भरू देईन. डेल पहिल्या रांगेत बसू देईन. त्या पिशव्यांची पाळी आली की उभी राहीन आणि म्हणेन, ही लिपी मला वाचता येते. मग सगळ्यांसमोर वाचेन, आधी तुमच्या मराठीत, मग त्यांच्या इंग्रजीत: 'बुवांची लाल गिटार. जुनी तार परत दिली. शंकर महादेव माळी.' नाव दोनदा वाचेन. डेल बुटांकडे बघायला लागला, तर मान वर करेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचेन.

तुमची, न ऐकणारी,
वैशू