थेंबातला स्फटिक

ती. आईस,
वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देत नाहीस ना?

काम तेच. पेशीच्या पडद्यातलं प्रथिन साबणासारख्या द्रावणात सोडवून घ्यायचं, त्याचे शेकडो थेंब वेगवेगळ्या क्षारांत ठेवायचे आणि कुठे स्फटिक धरतो का ते रोज पाहायचं; तो मिळाला तरच प्रथिनाची रचना कळते. सात महिने नुसता गाळ.

मंगळवारी एका थेंबात लख्ख स्फटिक दिसला! मी ओरडलेच, पण ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. शेवटी बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींना हाताला धरून आणलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. इथे आल्यापासून मला कुणी मायेने हात लावला नव्हता गं.

त्या गेल्यावर सुईने दाबून पाहिलं. प्रथिनाचा स्फटिक सहज चुरतो. हा कटकन वाजला. म्हणजे साधा क्षार. दुधात मिठाचा खडा म्हणतात, तो हाच.

मावशी रोज त्या स्फटिकाबद्दल विचारतात, "काय म्हणतंय बाळ?"

"वाढतंय," मी सांगते.

बाबांनी विचारलं तर त्यांनाही तेच सांग. खरं फक्त तुला लिहिलंय.

आशीर्वाद असू दे.
तुझी धाकटी