मागची गाडी

प्रिय आई,

समोरच्या वॉशिंग मशीनमध्ये माझे सगळे कपडे फिरताहेत आणि त्यांच्याबरोबर निम्मा समुद्रकिनाराही फिरतोय. वाळू कानात आहे, पाठपिशवीच्या शिवणीत आहे, टूथब्रशमध्येसुद्धा आहे. अंगावर इथल्या मैत्रिणीचा, लीकेचा उसना शर्ट आहे आणि हॉस्टेलच्या बाकावर बसून मी तुला लिहितेय. फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईलच. कारण आहे, आणि पत्र संपेपर्यंत मी ते सांगेन. नाही सांगितलं तर हे पत्र पाठवायचंच नाही, असं मी स्वतःला बजावलं आहे.

ईस्टरला फोनवर तू अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणालीस की बर्नी ड्रिस्कॉल आपली जमीन घरासकट घ्यायला तयार आहे, आणि जॉयमावशीच्या घराजवळच्या शाळेला एक मदतनीस बाई हवी आहे. मी "अच्छा" म्हणाले. एवढंच. पण ते "अच्छा" कसं निघालं असेल ते मला माहीत आहे, कारण तू लगेच म्हणालीस, "अगं, मी काही ठरवलेलं नाही. राहू दे. तुझी खोली आहे तशीच आहे." मग आपण पावसाबद्दल बोललो, म्हणजे तो न पडण्याबद्दल. त्यानंतर आपण किती वेळा बोललो, पण त्या विषयाला दोघींपैकी कोणी शिवलं नाही.

असो. बेटाचं सांगते. हॉस्टेलमधले आम्ही सगळे तिकडे सहलीला जाऊन आलो. तू अजून त्याला जुन्या इंग्रजी नावानेच हाक मारशील, पण इथे आता सगळे त्याला गरी म्हणतात. ते त्याचं खरं, आधीपासूनचं नाव. आमची म्होरकी नरेल हिचे आजे-पणजे तिथलेच, बुचुला लोकांपैकी. फेरीबोटीवर तिने आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाली, "माझ्या आजीच्या घरी पाहुणे आलात असं समजा. जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. आणि डिंगो, इथला रानकुत्रा, दिसला तर पळायचं नाही, कुरवाळायचं नाही, त्याला बिस्किट तर मुळीच द्यायचं नाही. तो पाळीव कुत्रा नाही, घरमालक आहे."

तीन गाड्या होत्या. पुढे नरेल, मध्ये आम्ही, शेवटी तिसरी. त्या बेटावर डांबरी रस्ताच नाही. किनारा हाच हमरस्ता, आणि तोही ओहोटीपुरता. भरती आली की रस्ता समुद्रात. टायरमधली हवा आधीच कमी करून घ्यायची, म्हणजे चाक वाळूवर पसरतं. सकाळी गाडी चालवणाऱ्यांनी नळीत फुंकून दाखवायचं, आदल्या संध्याकाळची खोक्यातली स्वस्त वाइन अंगात उरलेली नाही म्हणून. आमच्या गाडीतला फर्गस, आयर्लंडचा, मोठ्या ऐटीत फुंकायला पुढे झाला, तर नरेल त्याला म्हणाली, "तू मागे हो रे राजा. तू नुसता जवळून गेलास तरी माझं यंत्र झिंगेल." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्यायले नव्हते, आणि पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून बाबांच्या मांडीवर बसून गाडी चालवलेली त्यांच्यात मी एकटीच. लीके हॉलंडची, तिकडे दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "रो चालवील. रो वळताना रिकाम्या रस्त्यावरसुद्धा दिवा दाखवते."

ती हे कौतुकाने म्हणाली की काय, यावर मी बराच वेळ विचार केला. तू मला ओळखतेस.

निघायच्या आधी नरेलने नियम सांगितला: आरशात मागची गाडी दिसत राहिली पाहिजे. मागची गाडी ही पुढच्या गाडीची जबाबदारी. मी मान हलवली. हे तर मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भागाकाराच्याही आधी शिकवलेलं. तूच शिकवलंस, आठवतं? मागची धूळ दिसेनाशी झाली की थांबायचं. आपल्याकडच्या रस्त्यावर मागे कोणी पंक्चर होऊन बसलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडून कोणी जात नाही, म्हणून आहेस तिथे थांब, धूळ खाली बसू दे, दिसले तर पुढे जा. बाबा तर दर फाटकाशी थांबायचे. त्यामुळे नरेल पुढे आणखी जे काही सांगत होती ते मी ऐकलं, पण घेतलं नाही. जे आपल्याला येतं असं वाटतं ते माणूस अर्ध्या कानाने ऐकतं.

सकाळी आम्ही तंबूंच्या कुंपणातून निघालो. डावीकडे जंगल, उजवीकडे समुद्र, मध्ये ओली, टणक, चकचकीत वाळू. फर्गस मागे बसून इतका बेसूर गात होता की लीकेने त्याच्या तोंडात सफरचंद कोंबलं. आम्हाला आतल्या निळ्या तळ्याकडे जायचं होतं. त्या तळ्यासाठीच बहुतेक जण आलेले. भरती सुरू झाली होती, पण वेळ होता. किनारा सोडून जंगलात शिरायची जी वाट असते ती म्हणजे कोरड्या, भुसभुशीत वाळूचा चढ. पीठ चाळून ठेवावं तशी वाळू. नरेलची गाडी डुलत डुलत वर गेली आणि दिसेनाशी झाली. तिच्यामागे मी चढ घेतला. अर्ध्यावर आल्यावर मी आरशात पाहिलं, आणि मागे कोणी नव्हतं.

मी ब्रेक दाबला.

आई, गाडी थांबली नाही, बसली. म्हैस पाण्यात बसते तशी. मी घाबरून ॲक्सिलरेटर दिला, तर ती आणखी खाली गेली. फर्गस म्हणाला, "आलो का आपण?"

तिसरी गाडी ओत्ताव्हिओ नावाचा इटलीचा मुलगा चालवत होता. त्याला काही झालेलं नव्हतं. त्या किनाऱ्यावर छोटी विमानंही उतरतात, आणि विमान आलं की गाड्यांनी बाजूला व्हायचं असतं. तर हा बाजूला झाला आणि उतरलेल्या विमानाकडे पाहत तिथेच राहिला. आता तो मजेत आला तर वर जाणारी वाट माझ्या गाडीने बंद केलेली. वाटेच्या तोंडाशी, खाली किनाऱ्यावर त्याला थांबावं लागलं. बाकी सगळा किनारा लाटा हळूहळू गिळत होत्या. पुढची वाट बंद, मागे परत तंबूंपर्यंत जायला वाळू उरलेली नाही. ज्याच्यासाठी मी थांबले, त्यालाच मी समुद्राच्या तोंडी दिलं होतं.

वायरलेसवर नरेलचा आवाज आला, "दोन नंबर, काय झालं गं? कोणी मेलं का?" मी म्हणाले, "नाही, पण तिसरी गाडी दिसेना म्हणून मी थांबले." मग ती म्हणाली, "बये, तो दिसेना म्हणून तू रस्त्यात झोपलीस होय?" भुसभुशीत वाळूत थांबायचं नाही, हेच ती सकाळी पुढे सांगत होती.

ती फावडं आणि प्लास्टिकच्या खाचांच्या फळ्या घेऊन धावत खाली आली. आम्ही सगळे चाकांपुढची वाळू उपसत होतो. हातांनी, ताटांनी, फर्गस तर तळणीच्या तव्याने. लीके माझ्याजवळ गुडघ्यांवर बसून उपसत होती आणि मी सारखी "सॉरी, सॉरी" म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, "रो, सॉरीने वाळू निघत नाही. खण." खाली ओत्ताव्हिओच्या मागच्या चाकांना पहिली लाट लागली तेव्हा त्याच्या गाडीतल्या मुली किंचाळत बाहेर पडल्या आणि सामान वर आणू लागल्या. तो मात्र स्टिअरिंगला धरून बसला होता आणि ओरडत होता, "मी हिला सोडणार नाही!" "गाडी आहे रे ती, बायको नाही!" नरेल वरून ओरडली. खारं पाणी इंजिनात गेलं की गाडी संपली, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर वाटत होतं की तो मुलगाच संपेल. मला ते खरंच वाटत होतं.

नरेलने टायरमधली आणखी हवा सोडली, फळ्या चाकांखाली सारल्या आणि खिडकीतून आत वाकून मला म्हणाली, "आता ऐक. क्लच हळूच सोड. आणि निघालीस की मागे बघायचं नाही. वर झाडाखाली टणक जमीन आहे, तिथे जाऊन थांब. तिथून मागे किती बघायचं ते बघ." मी म्हणाले, "तुम्हीच चालवा ना." ती म्हणाली, "आणि फावडं तू धरणार? ते तर तुला मुळीच येत नाही. चल."

गाडी निघाली. मी आरशात पाहिलं नाही. ते किती कठीण होतं हे तुला सांगूनही पटायचं नाही, किंवा फक्त तुलाच पटेल. झाडाखाली पोचून ब्रेक लावला आणि मग मागे वळले, तर ओत्ताव्हिओची गाडी पाणी उडवत, मारक्या बैलासारखी चढ घेत वर येत होती. वाट मोकळी झाल्यावर त्याला काहीच अडचण आली नाही. तो उतरला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "ते विमान बघितलंस का?"

तळ्यावर आम्ही उशिरा पोचलो. ते निळं आहे, सगळे सांगतात तसंच. बाकीचे पोहत होते आणि मी पांढऱ्या वाळूवर बसून होते. नरेल शेजारी येऊन बसली, माझ्या हातात सँडविच दिलं. मला वाटलं आता ती बोलणार. ती म्हणाली, "बीट काढून टाकू नकोस हं, बीटशिवाय तो नुसता पाव आहे." नंतर बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुला हे कोणी शिकवलं, दिसलं नाही की थांबायचं?" मी म्हणाले, "आईने." ती म्हणाली, "बरोबर शिकवलंय. तिच्याकडची जमीन टणक असेल."

मी हो म्हणाले. मग मनात आलं, की ती आता टणक राहिलेली नाही.

मी मोठी तुलना करत नाहीये, आई. वाळू म्हणजे वाळू. पण तिथे बसल्या बसल्या मला सारखी तू दिसत होतीस. आपलं गुरांचं तळं आटलेलं, गुरं विकलेली, कामाचे गडी गेलेले, आणि तू माझ्या खोलीच्या चादरी बदलतेस. बाबा गेल्यावर तू म्हणाली होतीस की एक-दोन वर्षं बघू. ती केव्हाच होऊन गेली. तू तिथे जमिनीसाठी राहिली नाहीस, हे मला ठाऊक आहे, बाबांसाठीही नाही. मी जगात कुठेही अडकले तर मला परत यायला ते घर असावं, म्हणून तू तिथे थांबली आहेस. मी दिसेनाशी झाले म्हणून तू जिथे होतीस तिथे थांबलीस. आणि मी मजेत विमान बघत होते.

आता ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. मला आपलं घर हवं आहे. खोटं कशाला बोलू? पण राहायला नको आहे, नुसतं असावं म्हणून हवं आहे, आणि तेवढ्यासाठी तुला तिथे राखणीला बसवणं बरं नव्हे. बर्नीला हो सांग. मला विचारून नको. सांग आणि मग मला कळव. मावशीकडे जा, त्या शाळेतल्या पोरांना शिकव. मला टेबलाशी बसवून शिकवलंस तसं, फक्त त्यांना मधूनमधून खेळायला सोड. बांधाबांधीला मी येईन, आणि ट्रक मी चालवीन. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण तू शब्द ऐकले नसतेस, माझा आवाज ऐकला असतास, आणि पुन्हा म्हणाली असतीस, राहू दे. म्हणून पत्र. रविवारी मी फोन करेन. तेव्हा आवाज ओला वाटला तर लक्ष देऊ नकोस. ते नुसतं रडणं असेल, मत नव्हे.

कुठेही असलीस तरी तुझीच,
रो