रक्त घट्ट करणारी

१२ नोव्हेंबर

नाही, तू मध्ये बोलूच नकोस! कागद आहेस, कागदासारखा राहा. माहितीय काय म्हणणार तू — बापाला अटॅक येईपर्यंत कोण भांडतं? मी भांडते. नोकरी सोडते, वेगळी राहते, कादंबरी लिहिते — एवढंच म्हणाले होते. भाऊ, म्हणजे आमचे वडील, ताटावरून उठले आणि बेसिनपाशी खालीच बसले.

आज हॉस्पिटलातून घरी आणलं. नीलाआत्या जिन्यातच, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं — "तुझ्यापायी माझ्या भावाचा रगात गोठला गो!"

राजीनामा लिहून ठेवला होता. फाडला.

१५ नोव्हेंबर

रिपोर्ट आणायला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलंच. भांडणाने खरंच गुठळी होते? म्हणाले, "होऊ शकते. राग आला, भीती वाटली, की शरीर जखमेच्या तयारीला लागतं. रक्त चिकट होतं. पण नळी आधीच खराब असावी लागते..." पुढचं मी ऐकलंच नाही.

१६ नोव्हेंबर

घरात नवा कायदा. भाऊंना टेन्शन नको. आई मिक्सर लावतानाही विचारते, "लावू का हो?" मी हसते. दात दिसतील असं. माझ्या रक्ताचं काय होतंय, कोणाला पडलीय!

२१ नोव्हेंबर

साकीनाका, ऑफिस. दिवसभर लोकांचे मेडिक्लेम तपासले. एक ओळ लिहिली नाही.

२३ नोव्हेंबर

दाढी करताना भाऊंना कापलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत — थांबेचना. दहा मिनिटं त्यांच्या गालावर कापूस दाबून उभी होते. इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं त्यांना. म्हणाले, "ऑफिसात बरं चाललंय ना?"

"झकास."

"मग झालं तर."

कापूस जरा जास्तच दाबला मी.

२९ नोव्हेंबर

तपासणी. डॉक्टर जुनी फाईल चाळता चाळता एका कागदावर थांबले. "काका, हा कार्डिओग्राम ऑगस्टचा. तेव्हाच म्हटलं होतं ना, एक झटका येऊन गेलेला दिसतोय, अँजिओग्राफी करा? तुम्ही म्हणालात, गणपतीला गावी जाऊन येतो, मग करतो."

भाऊ भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिले. आईने पर्सची चेन लावली. उघडली. परत लावली.

ऑगस्ट! मी भांडले नोव्हेंबरात!

रिक्षात मी आईला विचारणारच होते. पण भाऊ बाजूला — टेन्शन नको ना.

३० नोव्हेंबर

दुपारी आईला ओट्यापाशी गाठलं. मला का नाही सांगितलंत? कुकरचं झाकण पुसत म्हणाली, "हेच म्हणाले, राहू दे तिचा समज. त्यापायी तरी घरात राहील."

भाऊ झोपलेत. श्वास नीट चाललाय, बघून आले. आई भाजीला खाली गेलीय. ती वर यायच्या आत बॅग घेऊन निघते.