साडेचार ते पाच

प्रिय ठकू,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट आधी बाजूला ठेवशील आणि मग आईला काही झालं की काय या धास्तीनं उघडशील, असं मी धरून चाललोय. आईला काही झालेलं नाही. म्हणजे धावत यावं असं काही नाही. निवांत बसून वाच. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. त्यात तुझं काही चुकतं असंही मी म्हणत नाही. शिवाय फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर मी भलतंच काहीतरी बोलून बसतो. कागदावर निदान खोडता तरी येतं. हा चौथा कागद आहे. आधीचे तीन फाडले.

रिटायर झाल्यावर कारखान्याच्या डॉक्टरांनी मला कान तपासायला पाठवलं होतं, हे तुला माहीत नसेल. कान तपासणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या होत्या. मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बटण न दाबता नुसताच बसून राहिलो, तेव्हा मला वाटलं मशीन बंद पडलंय. मशीन नीट होतं. बाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडून सरळ जाणारी आणि मध्यावरून कडा कोसळावा तशी खाली उतरलेली. एकतीस वर्षं पत्र्याच्या प्रेसवर डाय, म्हणजे साचे, बसवल्याची ती कमाई. बाई म्हणाल्या, “काका, बारीक आवाज गेलेत तुमचे. पक्षी, दाराची बेल, लहान मुलांचं बोलणं, हे कठीण जाणार. पण जाड आवाज बघा, खर्जातले, ते एखाद्या तरुण पोरासारखे शाबूत आहेत.” मी बरं म्हणालो, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बसस्टॉपवर बसलो. तीन बस सोडल्या. आपल्या घरात सहा वर्षं एक वाद्य होतं, तेवढेच आवाज काढणारं. आणि मी तुझ्या दादाला सांगितलं होतं, वाजवायचं तर हेडफोन लावून वाजव.

सहा वर्षं, ठकू. दादा पलंगावर बसून त्या जाड तारांवर बोटं चालवायचा, मान हलवायचा, आणि खोलीत आवाज काय, तर टक टक, टक टक. नखानं टेबल वाजवावं तसा. मी दारातून बघत जायचो आणि मनात म्हणायचो, हे कसलं वाजवणं. तुझ्या दादाचं वाजवणं म्हणून मी जे ओळखत होतो ते एवढंच.

तो आपल्यातून गेल्यावर लंबूनं, म्हणजे त्यांच्या बँडमधल्या त्या ड्रमवाल्यानं, त्याची बेस गिटार आणून दिली आणि चार गाणी माझ्या फोनवर पाठवली. मी ती वर्षभर उघडलीच नाहीत. कान तपासून आलो त्या दिवशी उघडली. गाणारी मुलगी लांबून कुठून तरी ऐकू आली, बाकी नुसती खळखळ. फोन कानाला लावला, कपाटात ठेवून बघितला, पातेल्यात ठेवून बघितला. दादा कुठेच नाही. शेवटी लंबूला फोन केला. तो म्हणाला, “काका, मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो. त्यातून बेस, म्हणजे हा खर्ज, येतच नाही. दादा आहे त्यात, पण तुमच्या फोनची तेवढी ताकद नाही.” दादाचा तो छोटा अ‍ॅम्प घरी असेल तर त्याच्या पाठीला एक भोक आहे, त्यात वायर घालून फोन जोडा, असंही त्यानंच सांगितलं.

अ‍ॅम्प घरीच होता. तो खोका आठवतो ना, जेवणाच्या डब्याएवढा, काळा, वर पट्टा अडकवायच्या दोन कड्या, चार गोल बटणं, मागे बॅटरीचा खण. खांद्याला लावून फिरता येतं म्हणून त्याचं केवढं कौतुक होतं त्याला. घर सोडताना त्यानं तो इथंच टाकला होता, बिघडलाय म्हणून. मी नव्या बॅटऱ्या घातल्या. लाल दिवा लागला. आवाज नाही. मग पिशवीत घालून बाजारामागच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं खोललासुद्धा नाही. टॉर्च मारून हेडफोनच्या भोकात डोकावला, चिमट्यानं काहीतरी ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. भाताच्या शिताएवढं पितळेचं टोक. म्हणाला, “यात काही बिघडलेलं नाही काका. हेडफोनच्या पिनेचा तुकडा आत राहिलाय. त्याला वाटतंय, हेडफोन अजून लावलेलाच आहे. म्हणून गप्प आहे बिचारा.”

तो तुकडा कसा राहिला ते मला माहीत होतं, ठकू. तुला माहीत नाही. त्या रविवारी तू मैत्रिणीकडे होतीस. मी पाळी करून येऊन आडवा झालो होतो. दादा अ‍ॅम्प खांद्याला लावून माझ्या खोलीत आला, हेडफोन गळ्यात, आणि म्हणाला, “बाबा, दोन मिनिटं ऐका. एकच ऐका.” मी उठलो. त्याच्या गळ्यातल्या हेडफोनची पिन हातात घेतली आणि अ‍ॅम्पच्या भोकात अशी खुपसली, जशी मी अडकलेली डाय हातोडा मारून बसवायचो. म्हणालो, “दिवसभर आवाजच ऐकून येतो. घरात मला शांतता पाहिजे.” काहीतरी कट् झालं ते हाताला कळलं. त्याच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. तीन आठवड्यांनी तो बँडच्या पोरांबरोबर भाड्याच्या खोलीत राहायला गेला. पुढचं तुला ठाऊकच आहे. त्या खोलीत त्याला ताप आला, चार दिवस अंगावर काढला, पोरं कार्यक्रमाला गावाबाहेर, आणि त्यानं घरी कळवलं नाही. का कळवलं नाही, हे तू मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर विचारलंस. “तो घरी असता तर आईनं पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नेला असता,” असं म्हणालीस. त्यावर मी उत्तर दिलं नाही म्हणून तुला राग आहे.

तर दुरुस्तीवाल्यानं स्वतःची वायर काढली, माझा फोन जोडला आणि गाणं लावलं. अ‍ॅम्प त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यात होता. आधी टेबलाला कळलं, मग माझ्या कोपराला, मग कानाला. मी त्याला म्हटलं, पुन्हा लाव. तो गिऱ्हाईकं थांबवून चारही गाणी लावत बसला, भला माणूस. मला वाटायचं ही पोरं नुसती दणादण बडवतात. दादा तसा वाजवतच नाही. तो थांबतो फार. गाणारी श्वास घ्यायला थांबली की तिच्या पायाखाली फळी सरकवावी तसा एक सूर ठेवतो आणि गप्प होतो. एकतीस वर्षं मी डाय प्रेसमध्ये घट्ट कशी बसवायची हेच करत आलो. हललं तर सगळं वाया. पोरगा तेच करत होता आणि आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. किंवा त्याला माहीत असेल. दोन मिनिटं मागितली होती, त्यात कदाचित तेच सांगायचं असेल.

आता आईचं. तू दर रविवारी तिच्याशी बोलतेस आणि तुला ती बरी वाटते, कारण ती तुला हवापाण्याचं विचारते, नोकरीचं विचारते, आणि दादाचा विषय तूही काढत नाहीस, तीही काढत नाही. ठकू, तिनं विषय न काढण्याचं कारण तुझ्या कारणाहून वेगळं आहे. तिच्या लेखी तो शेजारच्या खोलीत आहे. गेल्या हिवाळ्यापासून हे सुरू झालं. आधी चष्मा फ्रीजमध्ये, मग एकाच भाजीत दोनदा मीठ, मग आम्हा दोघांना तीन ताटं. पहिल्यांदा मी तिला खरं सांगितलं. ती अशी रडली की जणू तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी विसरली आणि पुन्हा तिसरं ताट मांडलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं. तिसऱ्यांदा सांगायचं धाडस मला झालं नाही. डॉक्टर म्हणाले, नका सांगू.

त्याच सुमारास एका दुपारी मी दादाच्या खोलीचं दार लोटून गिटार अ‍ॅम्पला लावून बघत होतो. वाजवायला नव्हे, वायर खरखर करत होती म्हणून. सगळ्यात जाड तार छेडली. खिडकीची काच गुणगुणली. आणि दाराबाहेरून आईचा आवाज आला, “काढलास का हेडफोन? बरं केलंस. बाबा यायला अजून अर्धा तास आहे. वाजव मोकळेपणानं.”

मी हात तारेवर ठेवून तसाच बसलो. तुम्ही तिघं रोज साडेचार ते पाच काय करत होता ते मला त्या दाराआड बसून कळलं. तू कॉलेजातून यायचीस, तो कामावरून यायचा, अ‍ॅम्प स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला, आणि सव्वापाचला मी दारात पाऊल टाकायच्या आत सगळं आवरलेलं. हे सगळं आईनंच सांगितलंय, तुकड्यातुकड्यानं, मला दादा समजून. मी गेली पस्तीस वर्षं हिच्याबरोबर राहतोय आणि मला शंकासुद्धा आली नाही. राग आला नाही. हेवा वाटला. आणि नंतर आठवलं, पिन मोडली तेव्हा ते सगळंच बंद पडलं असणार.

तेव्हापासून मी शिकतोय. हसू नकोस. लंबू दर शनिवारी येऊन शिकवतो. माझी बोटं म्हणजे पान्यानं नट आवळायची बोटं, पण तारांना ती मानवली. आवाज कमीच ठेवतो, मोठा केला की तो छोटा स्पीकर फडफडतो. अ‍ॅम्प जमिनीवर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की घुमतो छान. साडेचारला मी दार लावून वाजवायला बसतो. आई बाहेर चहाचा कप ठेवते आणि दाराशीच खुर्ची ओढून बसते. पाचला मी त्या खोलीतूनच मागच्या दारानं बाहेर पडतो, घराला वळसा घालून पुढच्या दाराची बेल वाजवतो, हातात जेवणाचा रिकामा डबा घेऊन. समोरच्या इस्त्रीवाल्याला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आई दार उघडते, मला दुसरा चहा देते आणि कानाशी येऊन सांगते, “पोराला काही बोलू नका हं आज. दमलाय तो.” मी म्हणतो, नाही बोलणार. हे बरं करतोय की तिला फसवतोय, हे मला ठरवता येत नाही. एकदा दाराबाहेरून ती म्हणाली, “बाबांचं मनावर घेऊ नकोस. वाईट नाहीत ते. त्यांना नीट ऐकू येत नाही, एवढंच.” त्या दिवशी मला पुढं वाजवता आलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गेले दोन आठवडे ती एकच मागणं मागते आहे. “ते वाजव ना, ठकू ज्याच्यावर डबा बडवते ते.” मी माझं येतं ते वाजवतो. ती थोडं ऐकते आणि म्हणते, “हे नव्हे रे, ते.” लंबूला विचारलं, त्याला माहीत नाही. चार गाण्यांत ते नाही. दादानं ते बँडसाठी केलंच नसावं, ओट्याशी बसून तुम्हा दोघींसाठीच केलं असावं. आईला ते हवंय पण गुणगुणता येत नाही. सुरुवात करते आणि हरवते. काल ती दाराशी बसून म्हणाली, “विसरलास का रे?” तिचा आवाज असा होता की मला दार उघडून बाहेर यावंसं वाटलं. ठकू, ते आता जगात फक्त तुला येतं. माझ्याशी बोलू नकोस. मी केलंय त्याची माफी या पत्रात मागत नाही, ती मागायची तर समोर उभं राहून मागायला हवी आणि तू म्हणशील तेव्हाच. फक्त ते गुणगुणून फोनवर पाठव. जमेल तेवढ्या खालच्या पट्टीत म्हण, म्हणजे मला ऐकू येईल. चुकलं, मधलं आठवलं नाही, तरी चालेल. आणि यावंसं वाटलंच तर साडेचारच्या आधी ये, मागच्या दारानं. डबा मी काढून ठेवतो.

तुझाच,
बाबा