पाचवं प्रकरण

४ नोव्हें., मंगळ.
पुस्तकाची प्रुफं आली. कॉलेजमधून तशीच माझ्या जुन्या सरांकडे, दादरला. काकू, सरांच्या पत्नी, वारल्यापासून घराला बंद घराचा वास येतो. सर ओट्याशी उभे, बांगडा करपवलेला. पाकीट उघडलंही नाही.
‘पाचवं प्रकरण काढून टाक.’
मला वाटलं चेष्टा करतायत. पाचवं म्हणजे बौद्धांचा अनात्मवाद. आत्मा नाही, माणूस म्हणजे क्षणांचा नुसता प्रवाह, शोक म्हणजे एका नावाला धरून बसणं. त्यांनीच लिहिलेलं. बाकीची प्रकरणं माझी, पण सगळी त्याच्यावर उभी. पुस्तकावर दोघांची नावं.
बांगडा दोघांनी खाल्ला. कडू.

७ नोव्हें., शुक्र.
प्राचार्यांनी बोलावलं. जूनपासून तत्त्वज्ञान विभाग बंद. विद्यार्थीच नाहीत म्हणे. खरंच नाहीत. मी कुठे जायचं ते ‘बघू’. विद्यापीठातल्या जागेचा इंटरव्ह्यू डिसेंबरात. ‘तोपर्यंत पुस्तक हातात असलं तर बरं, मॅडम.’ माणूस वाईट नाही.
गिरगावात उतरून घरी जायच्या आधी उगीच चौपाटीवर. करमलं नाही.

९ नोव्हें., रवि.
सरांशी वाद. खरं तर वाद नाहीच. मी त्यांचंच त्यांना ऐकवत होते. ज्योतीवरून ज्योत लावतो, दुसरी ज्योत पहिली नव्हे, पण पहिलीपासून तुटलेलीही नव्हे...
‘मग त्या दुसरीला मी हाक कुठल्या नावाने मारू?’
विचारलं सरांनी. मग काकूंचं सांगितलं. लग्नानंतर कधीतरी सर घरीच व्याख्यानाची तयारी करत होते, मोठ्याने. काकू लालबागच्या, गिरणीतल्या माणसाची मुलगी, घरात मालवणीच. आतून, पाट्यावर खोबरं-मसाला वाटता वाटता म्हणाल्या, ‘तुमी म्हणतास मी नाय. मगे ह्यां वाटप कोण वाटता?’
‘मी हसलो होतो गं. हा युक्तिवाद नाही, कळतं मला. पण उत्तर द्यायला हवं होतं. निदान आत जायला हवं होतं.’

१३ नोव्हें., गुरु.
टी.वाय.च्या वर्गात ज्योतीचंच उदाहरण होतं. अर्ध्यात थांबले. पुढचं वाक्य येत होतं, म्हणवेना. पुढच्या बाकावरची मुलगी वाट बघून म्हणाली, ‘मॅडम, हे परीक्षेला येईल?’
हो म्हटलं.

१८ नोव्हें., मंगळ.
शलाकाचा फोन, सरांची मुलगी, वडाळ्याला असते. सर एकटेच लालबागला गेले. काकू मसाला करून आणायच्या त्या दुकानात. वर्षाचा मसाला द्या म्हणाले. नोव्हेंबरात, तो तर उन्हाळ्यात करतात. मिरची कुठली, किती, काही सांगता येईना. दुकानदाराने काकूंच्या नावावरून ओळखलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, शलाकाला कळवलं.
ती रडत होती. ‘बाबांना भ्रम झालाय का गं, ताई?’
नाही. मला तसं वाटत नाही. भ्रम असता तर त्या गेल्याचं विसरले असते.

२२ नोव्हें., शनि.
प्रकाशकाला महिनाअखेर उत्तर हवंय. सरांना स्पष्ट विचारलं.
‘तुम्हाला ते प्रकरण आता खोटं वाटतं?’
‘खोटं वाटलं असतं तर दुरुस्त केलं असतं. खरं आहे ते. म्हणून नको. माझ्यासारखा कुणीतरी असल्या दिवसांत वाचेल.’
‘आणि माझं काय, सर?’ निघून गेलं तोंडातून.
‘तुझ्या एकटीच्या नावाने छाप. माझी हरकत नाही.’ रागाने नाही म्हणाले. तेच जास्त लागलं.

२७ नोव्हें., गुरु.
पाचवं काढून बघितलं. सहाव्यापासून पुढे एकाही पानाला अर्थ राहत नाही. इतकी वर्षं हेच शिकवलं, पटलं म्हणून. अजूनही पटतं. शिकायला मात्र कुणी नाही, आणि ज्यांना कळतं त्यांना नको आहे.

३० नोव्हें., रवि.
शलाका सरांना वडाळ्याला घेऊन गेली. सामान बांधायला मी गेले होते. पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं तर सरांनी नको म्हणून मान हलवली. दोन पिशव्यांत सगळं आटोपलं.
प्रकाशकाकडून दोन दिवस मागून घेतले.

२ डिसें., मंगळ.
वडाळ्याला. सर गॅलरीत. बारीक झालेत. शलाका चहा ठेवून आत गेली.
रेल्वेच्या यार्डाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘तू सांग. ती कुठे असेल?’
परीक्षा घेताना विचारायचे तसं नाही. खरंच विचारत होते. काय म्हणायचं ते मला पाठ आहे, त्यांनीच पाठ करून घेतलंय. ज्योत विझल्यावर ती कुठे गेली, हा प्रश्नच चुकीचा.
मी म्हटलं, ‘आहेत कुठेतरी, सर.’
त्यांनी वळून बघितलं. ‘पटतं तुला?’
मी कप उचलला. फोन वाजत होता. प्रकाशकाचा. वाजू दिला.
‘पटतं?’ परत विचारलं त्यांनी.