सात नंबरची बोट

बुडापेस्ट, ३ मार्च १९९३

ती. बोर्बालाताईस केलेमेनचा साष्टांग नमस्कार.

डॉक्टरने चालायला सांगितलंय आणि तू खुर्ची सोडत नाहीस, असं तुझ्या लेकीने, पिरोष्काने, कळवलं. तिचं ऐकत जा.

आता कामाचं. तू आणि भाऊजी अठ्ठावीस वर्षं ज्या खडी उपसायच्या सात नंबरच्या बोटीवर राहिलात, ती भंगारवाल्याने घेतली आहे. एकतीस तारखेला तो तिचे तुकडे करणार. आमच्या जुन्या जहाजांच्या मंडळाला खात्री आहे, की ती म्हणजे १८७२ साली बांधलेली चिलखती युद्धनौका 'शायो'. पहिल्या महायुद्धानंतर तोफा उतरवून तिला खडीला जुंपली. पण सरकारी समितीने बाहेरून पत्रा मोजला, तो निघाला पातळ. चिलखत नाही तर युद्धनौका नाही, म्हणून त्यांनी फाइल बंद केली. तुला काही आठवत असेल तर लगेच लिही.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझा केलेमेन

मोहाच, ८ मार्च १९९३

चि. केलेमेनला बोर्बालाचे पोटभर आशीर्वाद.

गुडघ्याची चौकशी करायला पत्र लागतं का रे? बस येते इकडे.

युद्धनौका म्हणे! जिच्यावर मी दोन लेकरांची दुपटी वाळत घातली आणि खसखशीच्या शेवया केल्या, ती? तुमच्या मंडळाला दुसरे उद्योग नाहीत.

पण ऐक. पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी कोठीच्या भिंतीतून चुलीचं धुराडं काढायला घेतलं. तीन दिवसांत चार गिरमिटं मोडली, भोक काही पडेना. ह्यांनी त्या भिंतीच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि धुराडं खिडकीतून काढलं. त्या लोखंडाला थंडीत घाम फुटायचा, पीठ भिजायचं. म्हणून मीच आतून फळ्या ठोकल्या आणि वर हिरवा रंग दिला. बाहेरून तिथे कोळशाचं खोकं जोडलेलं होतं, तुमच्या साहेबांना काय दिसणार? फळ्या उचकटा.

सत्त्याहत्तर साली आम्हाला त्या बोटीवरून उतरवलं, तेव्हा हे माणूस रडलं होतं. ती कापली तर मी ह्यांना दुसऱ्यांदा पुरल्यासारखं होईल. उशीर करू नकोस.

माया आहेच, वेगळी काय लिहू.
तुझी ताई

बुडापेस्ट, २९ मार्च १९९३

ती. ताईस नमस्कार.

फळ्या काढल्या. आत तीन बोटं जाड चिलखत, खिळ्यांच्या रांगांसकट! बाकीचं चिलखत कधीच भंगारात गेलेलं, तुझ्या कोठीमागचं तेवढं राहिलं. त्यावर भाऊजींच्या गिरमिटाचे चार ओरखडेही आहेत. समितीच्या साहेबांनी दोनदा मोजलं, मग टोपी काढली. कापणी रद्द झाली, दोन दिवस उरले असताना. मी धक्क्यावर नाचलो, या वयात.

तुझा केलेमेन

बुडापेस्ट, १३ जून १९९४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

काल 'शायो' लोकांसाठी खुली झाली. गुडघ्यापायी तू आली नाहीस, म्हणून सगळं लिहितो. समितीच्या मुख्य साहेबांनी तिचा इतिहास वाचला. लढाया, तोफा, कप्तान. आणि महायुद्धानंतर नौकेची कहाणी संपली, असं म्हणून त्यांनी कागद मिटला.

ताई, एक कबूल करतो. लग्नापासून मी सासुरवाडीला सांगत आलो, की तुझं नदीकाठी घर आहे. खडीच्या बोटीवर राहतेस हे सांगायला लाज वाटायची. सासूबाई काल पहिल्याच रांगेत होत्या. मी उठलो. म्हटलं, साहेब, कहाणी संपली नाही. माझ्या बहिणीने आणि मेव्हण्याने ही बोट अठ्ठावीस वर्षं चालवली, त्यांची दोन्ही मुलं हिच्यावर जन्मली. युद्धात पडलेले पूल पुन्हा उभे राहिले, त्यांना खडी हिनेच पुरवली. तुम्ही सगळे आज त्यांच्यावरूनच आलात.

साहेबांचा माइक पुढेच होता, कर्ण्यांवरून माझं बोलणं नदीवर गेलं. मग नदीतल्या मालबोटींनी भोंगे दिले, एकीमागून एक, सगळ्यांनी. साहेबांनी कप्तानांच्या फलकावर खाली दोन नावं लिहायला सांगितली. भाऊजींचं आणि तुझं.

मला क्षमा कर.
तुझा केलेमेन

मोहाच, १७ जून १९९४

चि. केलेमेनला अनेक आशीर्वाद.

लाज वाटते हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुझी सासू कधी भेटायला आली नाही, तेव्हाच कळलं. जाऊ दे. पत्र मी ह्यांच्या थडग्याशी मोठ्याने वाचलं. भोंग्यांचं दोनदा वाचलं.

शनिवारी येते. दारावरच्या माणसाला सांगून ठेव, मी तिकीट काढणार नाही. स्वतःच्या घरी जायला कुणी तिकीट काढतं का?

तुझी ताई