दुबईसाठी विणलेला स्वेटर

गुरुवार, संध्याकाळ. अल मनखूल, दुबई.

उद्या आम्ही चौघी मैत्रिणी जॉर्जियाला निघतोय, बर्फात स्कीइंग करायला. नवरे नाहीत, मुलं नाहीत! बॅग भरताना कपाटातून आईचा स्वेटर निघाला. लग्नानंतर मी दुबईला निघाले तेव्हा तिने हौसेने विणलेला. परदेश म्हणजे थंडी, एवढंच तिला ठाऊक. इथे उतरले तेव्हा जुलै होता. तेव्हापासून तो डांबराच्या गोळ्यांत पडून आहे.

खरी लोकर. टोचते, मानेला तर फारच.

चौघींतल्या शिल्पाचा फोन आला, "अगं, तसला जाड नको. आतून पातळ मेरिनो घाल, वर जॅकेट. घाम आला तरी अंग गार पडत नाही." पटलं. मेरिनो घेतलंय मी, तीही लोकरच, पण जरासुद्धा टोचत नाही. लेक तर सरळ म्हणाली, "मॉम, प्लीज, नोबडी स्कीज इन दॅट."

मग आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, थंडीसाठी तुझा स्वेटर काढलाय.

"घालून दाखव."

घातला. कपाळावरचा घाम तिला दिसायला नको म्हणून आधी एसी अठरावर केला.

"बघ, मी तेव्हाच म्हटलं होतं, तिकडे गार असतं म्हणून. तुम्ही सगळे हसलात!" काय खूश झाली होती.

जॉर्जियाचं सांगणार होते, ते राहिलंच. की मलाच सांगायचं नव्हतं?

मेरिनो बॅगेत गेलं. स्वेटर अजून अंगातच आहे. मानेला टोचतोय, पण काढवत नाही.